ॲग्नेसबाई, तो गुच्छ राहू द्या

प्रिय ॲग्नेसबाई मॅकफेल,

रागावू नका, पण 'कॅनडाच्या पहिल्या महिला खासदार' एवढं लिहून मोकळे होणारे लेख मला आता वाचवत नाहीत. १९२१ साली निवडून आल्या, संपलं. पुढं काय केलंत हे विचारायला कुणाला सवड नसते. आमच्याकडेही तेच. पहिली अमुक, पहिली तमुक. फोटो, हार, फाइल बंद.

पहिल्या दिवशी तुमच्या बाकावर गुलाबांचा गुच्छ होता. क्षणभर तरी सुखावला असाल ना? मग कळलं, तुम्ही पडणार अशी पैज कुणीतरी घातली होती आणि हरल्यामुळे त्याला फुलं आणावी लागली होती! त्या गृहस्थाला ऑन्टारियोतल्या ग्रे परगण्याचे शेतकरी ठाऊक नसावेत. ओंडक्यांच्या घरात जन्मलेली, खेड्यातल्या शाळेत शिकवणारी, जकातीचं शेतकऱ्याच्या खिशाशी असलेलं नातं फोड करून सांगणारी बाई त्यांनी निवडली होती. उमेदवारी मिळाल्यावर आपल्याच माणसांनी माघार घ्या म्हटलं, तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. शिक्षिकेचा हट्ट मला ओळखीचा आहे. मीही तेच काम करते.

पुढची चौदा वर्षं सभागृहात दुसरी बाई नव्हती. संसदेच्या भोजनगृहात सगळे टक लावून बघायचे म्हणून तुम्ही बाहेर जाऊन जेवायचात. हे वाचून मला तुमची भाषणं वाचल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. दिवसभर भांडायचं आणि दोन घाससुद्धा निवांत मिळू नयेत?

१९२९ मध्ये राष्ट्रसंघाच्या बैठकीला जिनिव्हाला गेलात. बाई म्हटल्यावर बायकामुलांच्या प्रश्नांची समिती ठरलेलीच. तुम्ही अडून बसलात आणि निःशस्त्रीकरणाच्या समितीवर गेलात. हा तुमचा स्वभाव मला फार आवडतो. दाखवलेल्या खुर्चीत तुम्ही कधी मुकाट्याने बसला नाहीत.

पण खरं काम किंग्स्टनच्या तुरुंगाचं. तिथल्या कैद्यांनी तुम्हाला किती मतं दिली असती? एकही नाही. त्यांच्यासाठी बोललात म्हणून मतं गेलीच असतील. कैद्याला टेबलावर बांधून भोकं पाडलेल्या चामडी पट्ट्यानं मारायचे, तेही कायद्यानं. तुमच्यावरची एक मिनिटाची फिल्म इथे कॅनडात टीव्हीवर दाखवायचे. तीत तुम्ही तो पट्टा सभागृहात आणून बाकावर आपटता. आवाज ऐकून मी दचकले होते. गुच्छाची गोष्ट सगळे सांगतात, पट्ट्याची फारसं कुणी सांगत नाही. थट्टा झाली, टोमणे झाले, तरी वर्षानुवर्षं तुम्ही तोच विषय लावून धरलात. शेवटी १९३६ मध्ये तुरुंगांच्या चौकशीसाठी आर्शाम्बो आयोग नेमला गेला आणि १९३८ च्या अहवालात तुरुंगांचा हेतू माणूस सुधारणं हा असावा, असं स्पष्ट आलं. लगेच महायुद्ध उभं राहिलं आणि पुष्कळ काही लांबणीवर पडलं.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर बोलते. शाळांतली लष्करी कवायत बंद व्हावी म्हणून तुम्ही किती भांडला होतात! आणि सप्टेंबर १९३९ मध्ये तुमचे जुने सहकारी, शांततावादी खासदार वुड्सवर्थ सभागृहात युद्धाच्या विरोधात जवळजवळ एकटे उभे राहिले, तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूला नव्हतात. हिटलर समोर होता, हे मला कळतं. तरी त्या दिवसाचं तुमचं मन मला जाणून घ्यायचं आहे. इतकी वर्षं धरलेला हात सोडताना काय झालं?

आणि आणखी एक. ज्या निवडणुकीत तुम्ही जिंकलात, तीत ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीय माणसाला मतच नव्हतं. ते १९४७ मध्ये आलं. इथल्या मूळ रहिवासी बायकांना मूळ रहिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न सोडता मत मिळायला १९६० उजाडलं. 'बायकांना मत मिळालं' या वाक्यात आम्ही नव्हतो, बाई. दोष तुम्हाला देत नाही. पण तुमच्याजवळ नाही बोलायचं तर कुणाजवळ?

१९४० मध्ये पडलात. खासदारांचं निवृत्तिवेतन १९५२ मध्ये सुरू झालं, तुमच्या वाट्याला काही आलं नाही. लेखणी चालवून पैसे मिळवलेत, ऑन्टारियोच्या विधानसभेत शिरलात आणि १९५१ मध्ये समान कामाला समान वेतनाचा कायदा व्हावा म्हणून झटलात. कायदा झाला. त्याच वर्षी मतदारांनी तुम्हाला पुन्हा घरी पाठवलं.

१३ फेब्रुवारी १९५४ ला तुम्ही गेलात. सेनेटवर नेमणूक होणारच होती, म्हणतात. होणारच होती! बायकांना सेनेटचं दार उघडून तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एक जागा निघाली नाही का हो?

तुमची,
एक शिक्षिका