परवाना, पट्टा आणि लस

घरात कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, हे ऐकून आजही कितीतरी लोक चमकतात. ‘म्हणजे आता यावरही कर का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात काम करताना तो मला खिडकीवर विचारतात, शिबिरात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. परवान्याच्या शुल्काने कोणत्याही महापालिकेची तिजोरी भरत नाही. त्या अर्जातला एकच कागद माझ्या दृष्टीने मोलाचा आहे, तो म्हणजे रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र. परवान्याची नोंद नीट ठेवली, तर शहरात कोणत्या घरात कुत्रा आहे आणि त्याला शेवटची लस कधी टोचली, हे एका जागी कळतं. ही माहिती दुसरीकडे कुठेच एकत्र मिळत नाही.

तिची गरज कुत्रा चावल्याच्या दिवशी पडते. कुत्रा चावलेल्या माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. तिखट, हळद, चुना यांतलं काहीही त्यात भरायचं नाही. डॉक्टर लस सुरू करतात. जखम खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचतात. इकडे आमचं काम सुरू होतं. कुत्रा कोणाचा, कुठे आहे, लस झाली होती का? चावलेला कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानता येतं. त्यासाठी कुत्रा डोळ्यांसमोर हवा. नोंद नसली की मालक हात वर करतात आणि ‘तो आमचा नाहीच, नुसतं खायला घालतो’ असं सांगतात. मग ज्या घरातल्या मुलाला कुत्रा चावलाय, त्या घराने ते दहा दिवस कसे काढायचे?

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे हळूहळू सरकतो, त्याला बहुधा काही आठवडे, कधी काही महिने लागतात. याच अवधीचा फायदा घेऊन लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. आमच्या आधीच्या पिढीच्या मनात मात्र पोटातली चौदा इंजेक्शनं अजून घर करून आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीचं उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस थांबलं. आता दंडात मोजके डोस घ्यावे लागतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजने जातात आणि संशयित जनावर चावलेल्यांत पंधरा वर्षांखालची मुलं सुमारे 40 टक्के असतात. हे सगळं टाळता येण्याजोगं आहे, म्हणून मला ते जास्त लागतं.

कुत्र्याची लस म्हणजे मानेच्या सैल कातडीखाली एक मिलिलिटर औषध. शिबिरात आम्ही टेबलाखाली बर्फाचा डबा ठेवतो, कारण लस 2 ते 8 अंशांतच टिकते. कुपीवरचं चिकटपत्र सोलून कार्डावर लावायचं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. खाली तारीख, सही, पुढच्या डोसची तारीख. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली, मग बूस्टर, पुढे वर्षाला एक. अडतं ते या ‘पुढे’पाशी. पिल्लू असताना कौतुकाने आणलेलं कार्ड तिसऱ्या-चौथ्या वर्षी कपाटात जातं. ‘आमचा घराबाहेर जातच नाही’ असं सांगणाऱ्यांचा कुत्रा रोज संध्याकाळी त्याच गल्लीत फिरत असतो.

लोक परवाना का काढत नाहीत? मला वाटतं, पैशापेक्षा भीती मोठी आहे. भाडेकरूला घरमालकाची, फ्लॅटधारकाला सोसायटीच्या कमिटीची. नाव नोंदवलं की तक्रार आपल्याच दारी येणार, असा त्यांचा समज असतो. त्यांच्याशी दंडाच्या भाषेत बोलून ही भीती वाढते. परवाना तिथेच मिळायला हवा, जिथे सुई टोचली जाते. खासगी डॉक्टरांनी दिलेल्या लसीची नोंदही थेट आमच्याकडे यायला हवी. आणि परवान्याची मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असेल, तर ती सोडवून लसीच्या तारखेला बांधायला हवी. म्हणजे नूतनीकरणाचा एकच निरोप पुरेल.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकावर आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेवर आहे. विषाणू ही वाटणी मानत नाही. एखाद्या भागातल्या सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस झाली की साखळी तुटते, पण पिल्लं जन्मतात, म्हातारे मरतात, म्हणून तो आकडा दरवर्षी नव्याने गाठावा लागतो. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. मिशन रेबीज संस्था आणि राज्य सरकार यांच्या पथकांनी घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस दिली, जाळ्यांनी धरून दिली, मोबाइलवर प्रत्येकाची नोंद केली, शाळांतून मुलांना शिकवलं. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आपल्या शहरांत त्यांच्याइतकी चिकाटी दाखवायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

हा अंक हातात असेल तेव्हा बाहेर फटाके वाजत असतील. या दिवसांत बिथरून पळालेली कितीतरी पाळीव कुत्री भलत्याच वस्तीत सापडतात. गळ्यात परवान्याचा बिल्ला असेल तर त्यावरच्या क्रमांकावरून घर शोधता येतं. नसेल तर लस झाली होती की नाही हेही कळत नाही. तेव्हा लसीची तारीख आज काढून पाहा, परवाना नसेल तर अर्ज करा आणि पट्टा तपासा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच जागा असावी.