लाइट नंतर घे, आधी स्टँड धर!

मास कॉम केलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक फोटोग्राफर दडलेला असतो. माझ्याही होता. शिवाय फ्रीलान्स लिहिणाऱ्या मुलीनं फोटोही स्वतःच काढले तर दोन्हींचे पैसे मिळतील, असा साधासरळ हिशेब! सेव्हिंग्ज मोडून कॅमेरा घेतला. सोबत सेलमध्ये मिळालेलं, मोठ्ठाल्या सीएफएल बल्बांचं सॉफ्टबॉक्स किट. किंमत फक्त आठ हजार. खोक्यावरचा फोटो एकदम स्टुडिओवाला.

पहिलं काम मिळालं एका ऑफिसमध्ये. तीस जणांचे पोर्ट्रेट्स. लाइट लावले आणि मला घाम फुटला. डोळ्यांना लख्ख वाटणारा तो उजेड कॅमेऱ्याला पुरेचना! शटर स्पीड कमी ठेवावा लागला, माणसं हलली, फोटो हलले. त्यात खिडकीतला उजेड, छतावरच्या ट्यूब आणि माझे बल्ब, तिघांचे रंग तीन. अर्धे चेहरे निळसर, अर्धे हिरवट. क्लायंट शांतपणे म्हणाला, ‘आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतो.’ पैसे बुडाले. वर आई म्हणाली, ‘लिहितेस ते काय वाईट आहे?’

ते जास्त लागलं. आठवडाभर रुसून बसले आणि मग एका सीनियर फोटोग्राफरना फोन केला. ‘सर, कुठला लाइट घेऊ?’ ते म्हणाले, ‘आधी माझा स्टँड धर.’

पुढचे चौदा महिने मी असिस्टंट होते. लेख रात्री लिहायचे, कारण असिस्टंटच्या पैशांत घरभाडंही निघत नव्हतं. सकाळी सातला अंधेरीच्या स्टुडिओत हजर. बॅटऱ्या चार्ज करायच्या, वायरी टेपनं जमिनीला चिकटवायच्या आणि प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायची. एका आउटडोअर शूटला ती पिशवी विसरले. वारा आला, लाइटची छत्री शिडासारखी फुगली आणि सगळं धाडकन खाली... मॉडेलपासून हातभर अंतरावर! सर ओरडले नाहीत. ‘लाइट रिपेअर होतो, डोकं नाही,’ एवढंच म्हणाले. त्यानंतर आजतागायत मी पिशवी विसरलेले नाही.

असिस्टंटला कुणी धडे देत नाही, बघून बघूनच कळतं. लाइटचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. सॉफ्टबॉक्स जितका मोठा आणि चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. महागडा रिफ्लेक्टर नसेल तर थर्माकोलची पांढरी शीट झक्कास चालते. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे, कपाटभर लाइट असूनही सर निम्म्या शूट्सना एकच फ्लॅश वापरायचे.

मग मी फोर्टच्या बोरा बाजारात गेले. यावेळी ‘सगळ्यात भारी कुठला?’ असं विचारलं नाही. माझं काम म्हणजे लोकांच्या घरी, ऑफिसात जाऊन फोटो काढणं, तेही लोकलनं. म्हणजे वजन कमी हवं, प्लगच्या भरवशावर राहायला नको. आधी एक दिवस भाड्यानं आणून वापरला आणि मगच घेतला, बॅटरीवर चालणारा २०० वॉट-सेकंदांचा एक फ्लॅश. सोबत बोवेन्स माउंटचं ब्रॅकेट. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट बऱ्याच कंपन्या वापरतात. त्यामुळे उद्या लाइट बदलला, तरी सॉफ्टबॉक्स तोच चालेल. उरलेल्या पैशांत दणकट स्टँड आणि अर्थातच वाळूची पिशवी!

गेल्या महिन्यात एका मुलाखतीसोबतच्या फोटोखाली पहिल्यांदा माझं नाव छापून आलं. आईनं कात्रण काढून ठेवलंय.

आणि ते आठ हजारांचं किट? ते दिवाळीत दारातल्या रांगोळीवर लावतो. आई म्हणते, ‘रांगोळी हलत नाही ना!’