पाचगणीचं मिशन स्टेटमेंट

पाचगणी म्हटलं की काय आठवतं? स्ट्रॉबेरी विथ क्रीम, टेबललँडवरचे घोडे, फार तर ‘तारे जमीं पर’मधली शाळा. गाण्यांचं वेड असणाऱ्यांना आणखी एक नाव आठवेल, फ्रेडी मर्क्युरी. ‘क्वीन’ बँडचा हा हिरो फारुख बलसारा या मूळ नावानं इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला. बास, आपली पाचगणी इथेच संपते. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी ऑफिस.

पण याच गावात डोंगरउतारावर एक जागा आहे, जिथे पन्नासहून जास्त वर्षं माणसं ट्रेनिंगला येतायत. कंपन्यांचे मॅनेजर, सरकारी अधिकारी, लष्करातली माणसं, कॉलेजची पोरं. आणि इथे त्यांना पहिलं काम मिळतं ते गप्प बसण्याचं! सकाळची वेळ, हातात वही-पेन, मोबाईल बंद. जागेचं नाव एशिया प्लॅटो. नाव रिसॉर्टसारखं वाटतं, पण रूम सर्व्हिस वगैरे विसरा. इथे जेवणानंतर भांडी घासायला तुमचाही नंबर लागतो.

मी एका कंपनीचं न्यूजलेटर फ्रीलान्स लिहून देते. त्यांची टीम तीन दिवसांसाठी तिथे निघाली होती आणि मला रिपोर्ट लिहायचा होता. निघण्याआधी कंधारला घरी फोन केला. ही जागा एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या चळवळीतून उभी राहिलीय, असं अण्णांना सांगितलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न, “तिथं धर्म बदलायला लावतेत का गं?”

हसू नका. गंमत बघा, ‘मिशन’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगवेगळी आयुष्यं जगतो. ऑफिसच्या रिसेप्शनमागे ‘अवर मिशन’ चकचकीत अक्षरांत लावलेलं असतं. सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘टेक्नॉलॉजी इव्हँजेलिस्ट’ नावाची पोस्ट असते, आणि इव्हँजेलिस्ट म्हणजे शुभवर्तमान सांगत फिरणारा, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. तोच शब्द चर्चच्या आवारात दिसला की मात्र आपल्या भुवया वर जातात. खरं तर आमच्या मराठवाड्यालाही मिशन नवं नाही. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं अख्खं गाव वसवलं होतं. माझ्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते कधी भेटलं नाही.

मिशनरी आणि डोंगर यांचं नातं तर फार जुनं. सपाटीवरचा मे महिना सोसेना म्हणून ही मंडळी वर चढली आणि मग तिथे नुसतं बसून काय करायचं, म्हणून शिकायला लागली. १८४५ मध्ये मदुराईचे अमेरिकन मिशनरी कोडाईकनालला पोचले. मसुरीजवळच्या लंढोरला त्यांची हिंदी शिकवणारी शाळा निघाली, जी आजही चालू आहे. आणि आपल्या महाबळेश्वरला उन्हाळ्यात त्यांच्यासाठी मराठीचे वर्ग भरायचे. धुक्यात बसून ‘ळ’ चा उच्चार घोटणारे अमेरिकन डोळ्यांपुढे आणा!

पाचगणीही तशीच घडली. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं इथे वस्ती बसवायला घेतली. मग १८९५ मध्ये सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आलं, १८९८ मध्ये किमिन्स. पण हवेवर कुणाची मालकी चालत नाही. १९१२ मध्ये एका पारशी डॉक्टरांनी, रुस्तम बिलिमोरियांनी, क्षयरोग्यांसाठी इथे सॅनिटोरियम काढलं. १९४५ मध्ये बहाई पंथीयांनी न्यू एरा शाळा सुरू केली. हीच ती ‘तारे जमीं पर’वाली. प्रत्येकानं आपापला देव सोबत आणला आणि सगळ्यांच्या अंगणात सिल्व्हर ओक मात्र सारखेच लावले.

एशिया प्लॅटोची गोष्ट यानंतरची, आणि ती पाचगणीत सुरू होत नाही. सुरू होते १९०८ मध्ये, इंग्लंडमधल्या केसविक गावात. फ्रँक बुकमन नावाचा तिशीतला अमेरिकन लुथरन पाळक तिथे आला होता. फिलाडेल्फियात तो मुलांचं एक वसतिगृह चालवायचा. तिथल्या सहा संचालकांशी बजेटवरून वाजलं आणि हा राजीनामा फेकून निघून आला. (ओळखीचं वाटतंय ना?) सहा जणांबद्दलचा राग डोक्यात घेऊन तो युरोपभर फिरत राहिला. केसविकच्या एका छोट्या चॅपलमध्ये एका बाईंचं प्रवचन ऐकताना त्याला जाणवलं, की हे सहा जण चुकले असतील, पण त्यांच्यावरचा राग पोसणारा सातवा माणूस आपणच आहोत. त्यानं सहा पत्रं लिहिली. तुमच्याबद्दल मनात कडवटपणा ठेवला, माफ करा. उत्तर एकाचंही आलं नाही.

पुढचं सगळं या सहा पत्रांतून निघालं म्हणायला हरकत नाही. रोज शांत बसायचं, मनात येईल ते लिहायचं, ते प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्यांवर घासायचं, आणि मग जिथे दुरुस्ती हवी तिथे स्वतः जायचं. १९२०-३० च्या दशकांत याला ऑक्सफर्ड ग्रुप म्हणायचे. दारू सोडवणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे दोघे संस्थापक याच गटातून शिकून पुढे बाहेर पडले. १९३८ मध्ये चळवळीचं नाव ‘मॉरल री-आर्मामेंट’ झालं. जग शस्त्रं वाढवत होतं, तर यांचं म्हणणं, आधी मनाची तयारी वाढवा. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या को या डोंगरगावातलं एक जुनं, भव्य हॉटेल काही स्विस कुटुंबांनी घेतलं आणि तिथे फ्रेंच आणि जर्मन माणसं एका टेबलावर जेवायला बसली.

आणि भारतात हे रुजवलं कुणी? महात्मा गांधींच्या नातवानं! ज्या गांधीजींनी मिशनऱ्यांना धर्मांतरावरून आयुष्यभर परखड सुनावलं, त्यांचा नातू राजमोहन १९५० च्या दशकात एडिनबरोत वर्तमानपत्राचं काम शिकायला गेला आणि या चळवळीत शिरला. १९६४ मध्ये त्यांनी मुंबईतून ‘हिम्मत’ हे इंग्रजी साप्ताहिक काढलं. आणीबाणीत सेन्सॉरशी भांडलेल्या मोजक्या पत्रांपैकी ते एक. (पत्रकार असल्यामुळे माझा कल जरा त्यांच्याकडे झुकतो, हे ओघानं आलंच.)

१९६७ मध्ये पाचगणीतल्या एका उघड्या उतारावर बांधकाम सुरू झालं. जांभ्याची तांबडी जमीन, सोसाट्याचा वारा, चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची चणचण. पैसा देणग्यांचा. चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते पगार घेत नसत, आणि भारतीयांबरोबर परदेशातलीही माणसं कामाला आली. जानेवारी १९६८ मध्ये केंद्र उघडलं. बुकमननी ते पाहिलं नाही, ते १९६१ मध्येच गेले होते. आज तिथे उभं राहिलं तर इतकी झाडं आहेत, की हा माळ होता यावर विश्वास बसत नाही. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. आता असं काही बांधायचं म्हटलं तर परवानग्यांतच तीन वर्षं जातील, आणि ते बरंच आहे. त्याच २००१ मध्ये चळवळीनंही नाव बदललं, ‘इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज’.

तर अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तीन दिवसांत बायबल कुणी वाचायला लावलं नाही. शांत बसताना गीता, कुराण, आई, कुणालाही आठवा, तुमची मर्जी. येशूच्या नावानं पाळक आणि धर्मसेवक घडवणारं केंद्र पाहायचं असेल तर आपल्या पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९५३ मध्ये यवतमाळला स्थापन झाली, १९८३ मध्ये पुण्यात आली, तिथे सगळं कसं सरळ आहे, पाटीवरच लिहिलंय. एशिया प्लॅटोत पद्धत ख्रिस्ती पाळकाची आणि पाटी सर्वधर्मीय. बदलायला सांगतात ते देव नाही, वागणं. माझ्या मते हे जास्त अवघड आहे. देव बदलला तर शेजारी बोलतात. वागणं बदललं तर टार्गेट हुकतं.

हे मी हवेत म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गोल बसलो होतो. सेल्समधला एक मुलगा वही बंद करून म्हणाला, “क्लायंटला आम्ही डिलिव्हरीची खोटी तारीख देतो. देताना माहीत असतं की खोटी आहे. हे इथं लिहायचं, की फक्त घरच्या भानगडी लिहायच्या?” त्याचा मॅनेजर त्याच गोलात बसला होता, तिसऱ्या खुर्चीवर. कुणी खोकलं नाही, हललं नाही. सेशन घेणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं नाही, मॅनेजरकडे बघितलंही नाही, नुसत्या थांबल्या. शेवटी मॅनेजर म्हणाला, “तारीख मी देतो. तो फक्त मेल टाकतो.” कंपनीत वर्षभर ‘ओपन डोअर पॉलिसी’ चालवून जे वाक्य निघालं नसतं, ते वीस सेकंदांच्या शांततेनं काढलं. माझ्या रिपोर्टमधून मात्र ही ओळ उडवण्यात आली. न्यूजलेटरमध्ये सूर्योदयाचा फोटो आणि ‘टीम बॉन्डिंग’ छापून आलं.

माझ्या वहीत काय होतं? पहिल्या दिवशी शॉपिंग लिस्ट. दुसऱ्या दिवशी एकच शब्द, बांध. आमच्या आणि काकांच्या शेतामधला. कंधारच्या भुईकोटाचा खंदक आजही जागेवर आहे, राष्ट्रकूटांच्या काळातल्या प्रचंड क्षेत्रपालाचे दगडी तुकडे अजून सापडतात, पण आमचा बांध काही जागेवर नाही. नांगराचा एकेक तास सरकत तो आमच्या बाजूला आला, असं अण्णांचं म्हणणं. कोर्टात तारखा चालू आहेत. नऊ वर्षं दोघं भाऊ एकाच गल्लीत राहून बोलत नाहीत. गणपतीची आरती दोन घरांत दोन वेळा होते.

रात्री मेसमधून अण्णांना फोन लावला आणि बुकमनच्या सहा पत्रांची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

“कुणाचं उत्तर आलं का?”

“एकाचंही नाही.”

“मग लिहिली कशाला?”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “रजिस्टर पोस्टानं धाडायची. पोच तरी येते.”

नऊ वर्षं वकिलाच्या नोटिशी घेणाऱ्या-देणाऱ्या माणसाचा हा सल्ला आहे. पण गोष्ट त्यांना लागलीय हे मला कळलं, कारण चार दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, ते सहा जण बुकमनचे नात्यातले होते का.

या चळवळीचं सगळंच गोड नाही, हेही सांगायला हवं. बुकमननी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पत्राला मुलाखत देताना कम्युनिझमविरोधी भिंत म्हणून हिटलरबद्दल देवाचे आभार मानले होते. ते वाक्य त्यांना आयुष्यभर चिकटलं, आणि चिकटायलाच हवं होतं. एकेक माणूस सुधारा, जग आपोआप सुधारेल, या सूत्राची ही पोकळ बाजू आहे. आमचा बांध उद्या दोघांच्या मनानं सरळ झाला, तरी मोजणी करायला सरकारी भूकरमापक लागणारच. बहुधा इथल्याही मंडळींना हे उमगलंय. त्याच आवारातून चालणारं ‘ग्रामपरी’ हे केंद्र आसपासच्या गावांत झरे जपणं, हात धुण्याची साधी सोय, ग्रामपंचायतीचं ट्रेनिंग असली मातीतली कामं करतं. मला तिथे जास्त वेळ घालवायचा होता, पण आमच्या शेड्यूलमध्ये त्याला जेमतेम पाऊण तास होता.

जायचंय? पुण्याहून साताऱ्याच्या हायवेनं सुरूर फाटा, तिथून वाई आणि मग पसरणीचा घाट, सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. घाट चढताना कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं, ड्रायव्हर सोडून बाकीच्यांनी बघावं. एशिया प्लॅटो हॉटेल नाही, त्यामुळे वीकएन्डला रूम मिळेल का, असा फोन करू नका. आधी कळवून, एखाद्या कार्यक्रमासाठीच जा. सिगारेट आणि बाटली घरी ठेवा. स्वेटर मात्र मे महिन्यातही घ्या, कारण शांत बसायची वेळ भल्या सकाळची असते आणि चहा त्यानंतर मिळतो.