स्टार, हॅश आणि अनोळखी नंबर

मानपाडे दोन आहेत, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावरचा. दुसरा आमचा, डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यावरचा. लँडलाइनच्या काळात घोळ नव्हता. ठाण्याचा कोड ०२२, आमचा ०२५१. कोड ऐकला की माणूस कुठला ते कळायचं. मोबाइलला गाव नाही. त्यामुळे "मॅडम, तुमचं पार्सल ठाण्याच्या मानपाड्याला गेलंय" असा फोन आला तर आम्हाला त्यात खोटं काही वाटत नाही.

असाच फोन मला आला. बोलणारा नम्र, मराठी स्वच्छ. माझं नाव, इमारत, मजला, सगळं बरोबर सांगितलं. "ताई, डिलिव्हरी बॉयला तुमचा नंबर जोडून देतो. स्टार २१ स्टार लावा, मग मी सांगतो तो दहा आकडी नंबर, शेवटी हॅश." स्मार्टफोन हातात येऊन फार काळ झाला नव्हता आणि स्टार-हॅश कशासाठी असतात हे मला कधी कुणी सांगितलंही नव्हतं. यजमानांना विचारते म्हटलं, तर "गाडी निघतेय ताई, आत्ताच लावा." एवढी घाई कशाला, या विचाराने मी फोन ठेवला. पुन्हा वाजला, पण उचलला नाही.

पैसे गेले नाहीत. पण दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. तो कोड लावला असता तर काय झालं असतं? आणि माझा मजला त्याला कुठून कळला?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे लिहिलं. उत्तरादाखल एक फिरता मेसेज आला: स्टार हॅश २१ हॅश लावा, तुमचा फोन टॅप होतोय का ते कळेल. मी लावला. क्षणभर काहीतरी गोल फिरलं आणि पडद्यावर इंग्रजी यादी उमटली: व्हॉइस, डेटा, फॅक्स, एसएमएस, आणखी काय काय, आणि प्रत्येकापुढे 'नॉट फॉरवर्डेड'. माझ्या घरात फॅक्स कधी आला नाही, तो कोण कुठे पाठवणार? शेजारच्या वहिनींनी तोच कोड लावला तर त्यांना 'कनेक्शन प्रॉब्लेम ऑर इनव्हॅलिड एमएमआय कोड' असं दिसलं. त्या घाबरून फोन बंद करून बसल्या.

मग कुणीतरी म्हणालं, ६२ लावून बघा. स्टार हॅश ६२ हॅश. आणि माझ्या पडद्यावर 'व्हॉइस' या शब्दापुढे एक नंबर आला. माझा नाही, घरातल्या कुणाचा नाही, ओळखीतल्या कुणाचा नाही. माझे फोन कुणाकडे तरी जातायत, हे माझ्याच फोनने मला सांगितलं होतं. त्या रात्री मी मुलीशीही फोनवर मोकळेपणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मानपाडा रस्त्यावर, चार रस्त्याकडे जाताना लागणाऱ्या मोबाइलच्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि कागदावर आकृती काढून समजावलं. "काकू, या कोडने टॅपिंग कळत नाही. तुमच्या कॉलचं काय करायचं म्हणून कंपनीला काय सांगून ठेवलंय, तेवढंच कळतं."

घर बदलल्यावर आपण पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो, तसंच हे. २१ म्हणजे येणारा प्रत्येक कॉल वळवायचा. ६७ म्हणजे आपण दुसऱ्या कॉलवर असू तेव्हा, ६१ म्हणजे उचलला नाही तर, ६२ म्हणजे फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर. सुरुवातीला स्टार हॅश लावलं की नुसती चौकशी होते. स्टार २१ स्टार आणि पुढे नंबर, असं लावलं की तो कॉल वळवण्याचा आदेश होतो. काही कंपन्यांत हेच काम स्टार ४०१ ने होतं. मला फोन करणाऱ्या त्या माणसाला तो आदेश माझ्याच बोटांनी द्यायला लावायचा होता. एसएमएस असे वळत नाहीत. पण व्हॉट्सअ‍ॅपचा पडताळणी कोड फोन कॉलवरही मागवता येतो, आणि तो कॉल त्याच्याकडे गेला की आपलं खातं त्याचं. मग आपल्याच नावाने आपल्या भावाकडे, जावेकडे पैशांची मागणी.

आणि माझा तो ६२ चा नंबर? कस्टमर केअरवर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर उत्तर मिळालं: तो कंपनीचाच आहे. फोन बंद असताना कोण फोन करून गेलं, ते कळवणारा मिस्ड कॉल अलर्ट त्यावरून चालतो. भीती ओसरली, राग मात्र आला. ही सोय माझ्या नंबरावर आहे हे मला आधी, माझ्या भाषेत, एका ओळीत का सांगितलं नाही? हॅश हॅश ००२ हॅश लावलं की सगळे वळवलेले कॉल पूर्ववत होतात, हेही मला कंपनीने नव्हे, दुकानातल्या मुलाने सांगितलं. त्या कोडने मिस्ड कॉल अलर्टही बंद होतो, हेसुद्धा त्यानेच.

ही फसवणूक सरकारला ठाऊक नव्हती असंही नाही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून स्टार ४०१ सारख्या कोडने होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरीही ठग आजही हेच कोड सांगतायत. खऱ्या टॅपिंगबद्दलही मी वाचलं. कायद्याने होणारं टॅपिंग गृहसचिवांच्या पातळीवरच्या आदेशाने कंपनीच्या यंत्रणेत होतं. हँडसेटला त्याचा पत्ताही नसतो. ते कळेल असा कोणताही स्टार-हॅश नाही.

मग 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे. यादीत एक नंबर माझा नव्हता. 'माझा नाही' या पर्यायावर बोट ठेवून तक्रार नोंदवली. कधीकाळी कुठल्या तरी काउंटरवर दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवर तो निघाला असावा, असा माझा संशय आहे. संकेतस्थळ उपयोगाचं आहे, हे मी खुल्या मनाने सांगते. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस त्याचं अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश निघाला, तेव्हा मला तो पटला नाही. चांगली वस्तू माणूस मागून घेतो. देशभर विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली, ते योग्यच झालं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं आहे. तो हक्क फोन वापरायला नुकत्याच शिकलेल्या बाईलाही आहे.

माझा मजला त्या माणसाला कुठून कळला, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण आमच्या गेटवरची वही मी नीट पाहिली. नाव, मजला, मोबाइल नंबर, कुणाकडे आलात. पान उलटलं की कुणालाही वाचता येतं. कपड्यांच्या दुकानात बिलाआधी नंबर, औषधांच्या दुकानात नंबर, मॉलच्या सोडतीच्या चिठ्ठीवर नंबर आणि पत्ता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची बरीचशी बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर, आणि त्यानंतरही, नंबर मागणाऱ्याला "कशासाठी?" असं विचारायला कुणाची हरकत नसावी. मी विचारते. बहुतेक ठिकाणी नंबर न देताही बिल मिळतं.

सोसायटीच्या बैठकीत मी दोन मागण्या मांडल्या आहेत: गेटवरच्या वहीतला मोबाइलचा रकाना काढावा, आणि नोटीस बोर्डावर हे कोड मराठीत लावावेत. तुमच्याकडेही मांडा. आणि फोनवरून कुणी स्टार २१ किंवा स्टार ४०१ लावून पुढे एखादा नंबर टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. टाकून झाला असेल तर हॅश हॅश ००२ हॅश लावा, स्टार हॅश २१ हॅशने खात्री करा, त्याने जमलं नाही तर फोनच्या सेटिंगमधून किंवा कस्टमर केअरकडून फॉरवर्डिंग बंद करून घ्या, आणि लगेच १९३० वर तक्रार करा.