चेहरा उतरला त्या दिवशी

मनमाड हे जंक्शनचे गाव. मुंबई-भुसावळ मार्गावरून दौंडकडे आणि मराठवाड्याकडे जाणारे फाटे इथेच फुटतात. शिर्डीला जाणारेही इथे उतरतात. त्यामुळे ‘उतरणे’ हे क्रियापद आमच्या मुलांना शिकवावे लागत नाही. अडचण येते ती इंग्रजीत.

आठवीच्या वर्गात मी रेल्वेतला संवाद घेत होते. मनमाड आल्यावर एक मुलगा म्हाताऱ्या प्रवाशाला अदबीने म्हणाला, ‘‘चाचा, प्लीज गेट आऊट.’’ वर्ग हसला. मीही हसले. मुलाचा चेहरा उतरला. नंतर आठवडाभर त्याने हात वर केला नाही.

मला माझे कॉलेज आठवले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली 2000 साली. माझी पिढी त्याआधीची, आम्हाला ती पाचवीत भेटली. एकदा प्राध्यापकांच्या प्रश्नाला मी उर्दूत उत्तर दिले. त्यांनी दाराकडे बोट केले, ‘‘गेट आऊट!’’ त्या तासातले तेवढेच वाक्य मला पूर्ण समजले होते.

मी धडा पुन्हा घेतला. आधी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. मग सांगितले, रेल्वे, बस, विमान यांतून उतरताना सहसा ‘गेट ऑफ’. सायकलवरून, घोड्यावरूनही तेच. रिक्षा, मोटार यांतून उतरताना ‘गेट आऊट ऑफ’. ढोबळ खूण अशी, की ज्यात उभे राहून चालता येते किंवा ज्याच्या पाठीवर बसतो तिथे ‘ऑफ’. ज्यात वाकून शिरतो तिथे ‘आऊट ऑफ’. आणि माणसाला नुसते ‘गेट आऊट’ म्हटले, तर ‘चालते व्हा’.

‘‘टीचर, इतने से लफ्ज से इतना फर्क?’’ एका मुलीने विचारले.

मी फळ्यावर लिहिले : ‘दिल में उतरना’, ‘दिल से उतरना’. क्रियापद एकच. ‘में’ असेल तर गोष्ट काळजाला भिडते. ‘से’ आला की माणूस मनातून उतरतो. मुले हसली, पण या वेळी कोणाला नाही.

बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र मी पाठ केले होते. कळले ते त्या दिवशी. आपली भाषा दाराबाहेर ठेवून परकी भाषा शिकता येत नाही.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाजवळ आला. ‘‘टीचर, कल फिर स्टेशनवाला करेंगे?’’