तिथीची पाऊणपट

उत्तनच्या एका कोळीकाकांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला सव्वाअकरा. घड्याळाशी थोडं मागेपुढे होतं, पण काकांच्या मते त्यात चूक घड्याळाची. तेव्हापासून भाईंदरहून नायगावकडे गाडी निघाली की मी आधी तिथी आठवते आणि मग वसईच्या खाडीकडे बघते. उधाणाला पाणी तिवरांत घुसलेलं असतं. ओहोटीला त्याच जागी नुसता चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात.

इंग्लिश खाडी पोहून जायला आलेली माणसंही डोव्हरला खोल्या घेऊन या भांगाचीच वाट बघत बसतात. सरळ रेषेत ते अंतर जेमतेम ३३-३४ किलोमीटर. पण सरळ रेषेत पोहू देईल ते पाणी कसलं! १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब पहिल्यांदा ती पोहून गेला, तेव्हा फ्रान्सचा किनारा दिसायला लागल्यावरही प्रवाहाने त्याला पाच तास टेकू दिलं नाही. एकूण पावणेबावीस तास, तेही बेडकासारखे हातपाय मारत. पुढे हाच वेब पैशांसाठी नायगाराखालच्या खळाळात उतरला आणि १८८३ मध्ये तिथेच संपला.

मला मात्र वेबपेक्षा आरती साहा जवळची वाटते. कलकत्त्याची ही मुलगी हुगळीच्या घाटावर पोहायला शिकली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली ती वयाच्या बाराव्या वर्षात, आपल्या मुंबईच्या डॉली नाझीरबरोबर. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ती इंग्लिश खाडीत उतरली. सोबतची बोट ४० मिनिटं उशिरा आली होती. चाळीस मिनिटं म्हणजे आमच्या लोकलच्या हिशेबात किरकोळ गोष्ट. पण पाण्याने तेवढ्यात कूस बदलली. चौदा तासांवर पोहून, इंग्लंड पाच मैलांवर असताना तिला बाहेर यावं लागलं. महिनाभराने, २९ सप्टेंबरला ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांनी पलीकडे पोहोचली. हे करणारी ती आशियातली पहिली स्त्री. वय १९. सगळे त्या सोळा तासांबद्दल लिहितात; मला त्या मधल्या महिन्याबद्दल विचारायचं होतं.

माझं माहेर इस्लामपूरच्या बाजूचं. गावच्या विहिरीवर भाऊ पाठीला सुका भोपळा बांधून शिकले, चार दिवसांत भोपळा सोडून काठावरून मुटके मारायला लागले. आम्ही बहिणी वर कपडे राखत बसायचो. त्याच पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. ते मूळचे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या शरीरात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून त्यांना पाण्यात सोडलं. जे पाय जमिनीवर ओझं झाले होते, ते पाण्यात निदान तरंगत तरी होते. बाकीचं काम खांद्यांनी केलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत संपवली. विश्वविक्रम, सुवर्णपदक, पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं. लोकल भाईंदरला थांबते, निम्मे उतरतात, निम्मे चढतात, त्याहून फार वेळ नाही हा. पद्मश्री मात्र २०१८ साली. पाण्याने घेतला नव्हता, तेवढा वेळ आपण घेतला.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत बटरफ्लायचं ब्राँझ आणलं, पोहण्यातल्या खजान सिंगच्या पदकानंतर २४ वर्षांनी. पुढे तो तहसीलदार झाला. वर्तमानपत्रात त्याचा पदकाचा फोटो बघून मी ठरवलं होतं, आता शिकायचंच. मग मुलाची दहावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, लॉकडाऊन. मीरा-भाईंदरला उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि आमच्या सोसायटीत पोहता येणाऱ्या बायका दोन. त्यातली एक केरळची.

शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी लेडीज बॅचला नाव घातलं. पहिल्या दिवशी तलावाचा दांडा सोडायला मला वीस मिनिटं लागली. क्लोरीनने डोळे झोंबत होते, रबरी टोपी कपाळ आवळत होती. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने मानेखाली दोन बोटं धरली आणि म्हणाली, "काकू, पोट वर. आता कान पाण्यात जाऊ द्या." कान बुडाले आणि सगळा आवाज बंद झाला. फक्त माझा श्वास. बोटं तिने केव्हा काढली, मला कळलंच नाही.

खाडीत मी कधी उतरणार नाही. तिथल्या ओढीबद्दल काकांकडून पुरेसं ऐकलं आहे. तलावाला भरती-ओहोटी नाही, तरी घरून निघताना तिथी बघायची सवय काही सुटत नाही.

पन्नास मीटरला, मध्ये एकदा दांडा धरून, मला अजून दोन मिनिटं दहा सेकंद लागतात.