गुडघ्यावरचे गोंदण

सायकलवरून एकदाही न पडलेला माणूस नाशकात शोधून सापडायचा नाही. नऊ टेकड्यांवर वसलेले अशी ज्या गावाची ख्याती, तिथे चढ आणि उतार हे जन्माचे सोबती. चढावर आपण सायकल हाती धरून चालतो; उतारावर सायकलच आपल्याला धरून नेते! त्यातून २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या पोरांच्या पायांत जे वारे शिरले, ते अजून निघालेले नाही. हे तिघेही पेशाने डॉक्टर आहेत, ही गोष्ट मात्र कुणी ध्यानात ठेवली नाही. मीही नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहावीत होता. पावसाळ्याचे दिवस. सोमेश्वरचा धबधबा पाहून आम्ही गंगापूर रोडने परत येत होतो. मी सायकल चालवत होते, तो मागे कॅरिअरवर. एका वळणावर खड्डे बुजवलेले होते आणि वर बारीक कच पसरलेली होती. समोर अचानक एक गाय आली, मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक घसरले आणि आम्ही दोघेही रस्त्यावर. मला काही झाले नाही. त्याचा गुडघा मात्र चांगला तळहाताएवढा सोलवटला होता.

आपल्याकडे रस्त्यावर कुणी पडले की जमलेला प्रत्येक माणूस वैद्य होतो. एकाने तपकिरीची डबी पुढे केली. एक मावशी कडेचा दगडीपाला खुडून तळहातावर चोळू लागल्या. ‘माती लाव, रक्त थांबतं,’ असेही कुणी म्हणाले. चहाच्या टपरीवाल्या काकांनी तेवढे काही न बोलता पाण्याचा जग आणून माझ्या हातात दिला. त्या गर्दीतला खरा वैद्य तोच, हे मला फार उशिरा कळले.

मी पाणी ओतायला सुरुवात केली आणि भावाने अशी किंकाळी फोडली की माझा हात थरथरला. अर्धा पेलाभर पाणी पडले असेल. ‘ताई, नको ना गं!’ तो म्हणाला आणि मी थांबले. त्या वेळी मला वाटले, आपण किती प्रेमळ! आज वाटते, ते प्रेम नव्हते. त्याचे रडणे मला ऐकवत नव्हते, एवढेच.

घरी आई कामावर गेलेली होती. मी मसाल्याच्या डब्यातली हळद जखमेवर दाबली, वर कापूस ठेवला आणि रुमाल बांधला. ‘आईला सांगू नकोस,’ असे तो म्हणाला की मी, हे आता आठवत नाही. बहुधा मीच म्हणाले असेन. त्या दिवसापासून तो घरात फुलपँट घालून वावरू लागला.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. आईने अंग चेपायला हात लावला आणि गुडघ्याला स्पर्श होताच तो कळवळला. कापूस जखमेला घट्ट चिकटला होता, भोवती लाल सूज होती आणि खालून पू येत होता. आई मला एक शब्दही बोलली नाही. तिने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘धुतली होती का?’ काय लावले, हे त्यांनी नंतर विचारले. मी खाली पाहिले. मग त्यांनी तो कापूस सलाईनच्या पाण्याने भिजवून हलकेच सोडवला. खपलीच्या खाली आमच्या रस्त्यावरची ती कच होती. एकेक कण चिमट्याने निघत होता आणि भाऊ माझा हात आवळत होता. ‘पहिल्या दिवशी हे दहा मिनिटांचं काम होतं,’ डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

‘इंजेक्शन नाही देणार?’ आईने विचारले. डॉक्टरांनी लसीचे कार्ड पाहिले. बाळपणचे सारे डोस आणि दहाव्या वर्षीचा डोस असा हिशेब पुरा होता, म्हणून त्याची गरज नव्हती. धनुर्वात गंजातून येतो असे आपण समजतो. वास्तविक त्याचे बीज मातीत आणि शेणात असते. म्हणून मळलेली जखम झाली की शेवटच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली आहेत का, हे पाहावे लागते. पण इंजेक्शन घेतले म्हणजे जखम धुतली असे होत नाही. ती दोन कामे निराळी.

पुढे रोज पट्टी बदलायला मीच जात असे आणि रोज काहीतरी शिकून येत असे. खरचटणे वरवरचे असूनही एवढे का झोंबते? कातडीचा वरचा थर निघाला की खालच्या संवेदनेच्या तंतूंची टोके उघडी पडतात. आधी आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मधूनमधून उघडून पाहू नये. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम पाच-दहा मिनिटे धुवावी, भोवतीची कातडी साबणाने, आणि उरलेले कण ओल्या स्वच्छ फडक्याने किंवा उकळलेल्या चिमट्याने काढावेत. हळद, चुना, टूथपेस्ट, तपकीर यांपैकी काहीही नको. फेस आणणारे हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारते. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी. कापूस कधीच थेट जखमेवर ठेवू नये.

‘जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे,’ हे आपण आजीपासून ऐकत आलो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कोरडी खपली नव्या कातडीची वाट अडवते.

जखमेच्या कडा फाकल्या असतील, रक्त थांबत नसेल, कण निघत नसतील, लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर घरगुती वैद्यकी बंद करून डॉक्टर गाठावा. डोके आपटून उलटी होत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर खरचटण्याकडे पाहूच नये, थेट रुग्णालयात जावे.

भावाचा गुडघा तीन आठवड्यांनी बरा झाला. पण काही कण खोल राहिले आणि कातडी त्यांच्यावरून मिटली. गोंदणाची शाई बसते तसेच हे. आता सहज निघायचे नाही. त्याच्या गुडघ्यावर निळसर काळे तीन ठिपके आहेत. तो मित्रांना ते ऐटीत दाखवतो आणि म्हणतो, ‘ताईनं गोंदलंय.’ सगळे हसतात. मीही हसते.

गेल्या महिन्यात कॉलेज रोडवर माझी सायकल घसरली. कोपर सोलवटले. भाऊ मागून येत होता. त्याने दप्तरातली पाण्याची बाटली काढली, शेजारच्या दुकानातून आणखी दोन आणल्या आणि माझा हात घट्ट धरून धार सोडली. मी कळवळून म्हणाले, ‘पुरे रे!’

‘ओरड हवं तेवढं,’ तो म्हणाला.

मी ओरडले. तो थांबला नाही. माझ्या कोपरावर आज एकही ठिपका नाही.